मदत हवी आहे: ग्रिड बारीक केली की लाटांचं उत्तर फुटतं (व्हिथम मॉड्युलेशन)

नमस्कार मंडळी,

एम.एस्सी. गणिताच्या प्रोजेक्टसाठी व्हिथमची मॉड्युलेशन समीकरणं (१९६५ ची, एका लाटेवर लॅग्रांजियनची सरासरी घेऊन काढलेली; माळेचा आयाम आणि तरंगसंख्या हळूहळू कशी बदलतात ते सांगणारी) संगणकावर सोडवतोय. पाणी खोल, लाटांची माळ एकसारखी, स्टीपनेस म्हणजे तरंगसंख्या गुणिले आयाम ०.१, आणि आयामात अगदी किंचित चढउतार.

अडचण अशी की ग्रिड जितकी बारीक करावी तितकं उत्तर लवकर फुटतं, म्हणजे आकडे बेसुमार वाढतात. टाइम-स्टेप कमी केला, स्कीम बदलली, फरक शून्य. तरंगसंख्या गुणिले खोली १ ठेवून, लाटांमुळे पाण्यात येणाऱ्या सरासरी प्रवाहाची पदं धरून चालवलं की मात्र सगळं गुण्यागोविंदानं चालतं. तो आकडा १.३६३ च्या वर गेला की रडगाणं सुरू.

कारण अर्धवट कळतंय. खोल पाण्यात आयाम वाढला की वारंवारता वाढते, आणि तरंगसंख्या वाढली की ग्रुप वेग (लाटांच्या गटाचा वेग) कमी होतो. ही दोन चिन्हं उलट, म्हणून कॅरॅक्टरिस्टिक वेग (ज्या वेगानं बदल पुढे सरकतात तो) कॉम्प्लेक्स आणि समीकरणं एलिप्टिक, म्हणजे बदल लाटेसारखे पुढे नेणाऱ्या प्रकारची नाहीत. बेंजामिन-फेअर (१९६७) अस्थिरता, म्हणजे एकसारख्या माळेतले किंचित चढउतार आपोआप वाढणं, ती हीच ना? पण त्यात ठरावीक पट्ट्यातले साइडबँडच (मूळ वारंवारतेच्या शेजारच्या वारंवारतांच्या लाटा) वाढतात, माझ्याकडे झाडून सगळे वाढतायत. कोड चुकलाय का? गाइड म्हणतात फिल्टर लावून आखूड चढउतार काप. मला पटत नाही.

प्रतिसाद १
कोड ठीक दिसतोय, समीकरणंच इल-पोझ्ड आहेत, म्हणजे सुरुवातीतला किंचित फरकही उत्तरात हवा तेवढा फुगू शकतो. मॉड्युलेशन (माळेतला चढउतार) जितकं आखूड तितका त्याच्या वाढीचा वेग जास्त, याला कुठेच लगाम नाही. ग्रिड बारीक करून तुम्ही आणखी आखूड मॉड्युलेशनना आत घेता. लगाम घालणारं डिस्पर्शनचं (वेगवेगळ्या लांबीच्या लाटा वेगवेगळ्या वेगानं पांगण्याचं) पद पुढच्या क्रमाचं आहे, व्हिथमच्या पहिल्या सरासरीत ते गळतं. झाखारॉव्हच्या १९६८ च्या कामातून आलेलं नॉनलिनियर श्रोडिंगर समीकरण घ्या, त्यात ते आहे. मग ०.१ स्टीपनेसला मूळ वारंवारतेपासून साधारण १४ टक्क्यांपलीकडचे साइडबँड वाढायला नकोत. सर्वाधिक वाढ १० टक्क्यांवर, आणि तीही एका आवर्तनामागे जेमतेम ३ टक्के. कोड या आकड्यांवर तपासा. फिल्टर नकोच, नाहीतर कुठला साइडबँड वाढणार हे फिल्टरच ठरवेल.

धागाकर्ता
आभार! पण मग प्रोजेक्टच्या नावातून व्हिथम काढू का?

प्रतिसाद १
कशाला? माळ टिकणार की नाही हे तीच समीकरणं सांगतात, १.३६३ चा उंबरठाही तिथूनच निघतो. उंबरठ्याच्या खाली ती सोडवा, वर गेलात की श्रोडिंगर.