जीपीयूचं प्रोफायलिंग: क्लॉक लॉक करून की तापलेल्या फोनवर?

शेडरवाला (धागाकर्ता):
जीपीयूचं (चित्र काढणाऱ्या चिपचं) प्रोफायलिंग, म्हणजे गेमचं चित्र काढताना कुठे किती वेळ जातो याची मोजणी, कशी करावी यावरून परवा आमच्या टीममध्ये चांगलीच जुंपली, म्हणून इथे मांडतो. माझं मत स्पष्ट आहे: क्लॉक (चिप ज्या वेगाने चालते तो) स्थिर न करता घेतलेलं जीपीयूचं मोजमाप ग्राह्य धरू नये.

आजचा जीपीयू काम कमी झालं की आपणहून वेग उतरवतो. तुम्ही सावल्यांचा पास (चित्रात सावल्या काढायचा टप्पा) हलका केलात, जीपीयूला उसंत मिळाली, त्याने क्लॉक खाली आणला. पासचे मिलिसेकंद होते तेवढेच. मग वाटतं, मेहनत वाया गेली. मी असाच दोन दिवस खपून केलेला चांगला बदल टाकून दिला होता, त्याची चुटपुट अजून आहे. डायरेक्टएक्स १२ मध्ये (विंडोजवर जीपीयूला काम सांगायच्या इंटरफेसमध्ये) क्लॉक स्थिर ठेवायची सोय आहे, विंडोजचा डेव्हलपर मोड तेवढा चालू लागतो. ती वापरा.

आणि एफपीएसमध्ये (सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे चित्रं) बोलणं सोडा. ९०० चे ४५० झाले की धावपळ उडते. फरक असतो १.११ मिलिसेकंदांचा. ६० वरून ५६.२५ वर आलं तर कुणी ढुंकून बघत नाही, आणि तिथेही नेमके तेवढेच १.११ मिलिसेकंद गेलेले असतात.

मालीकर:
एफपीएसबद्दल +१. क्लॉकबद्दल साफ असहमत.

खेळणारा क्लॉक लॉक करून खेळत नाही. तो लोकलमध्ये उभ्याने खेळतो, चार्जर लावून खेळतो. पहिली पाच मिनिटं सगळं लोण्यासारखं चालतं, मग फोन तापतो, वेग उतरतो आणि ६० एफपीएससाठी लागणाऱ्या १६.६७ मिलिसेकंदांत बसणारी फ्रेम बसेनाशी होते. माझ्या लेखी खरी कसोटी तिथून सुरू होते.

शिवाय फोनमधले माली, अ‍ॅड्रेनो हे टाइलवर काम करणारे जीपीयू. फ्रेमचे छोटे तुकडे चिपवरच्याच मेमरीत रंगवतात. एका पासचं फ्रॅगमेंटचं (पिक्सेल रंगवायचं) काम चालू असतानाच पुढच्या पासचं व्हर्टेक्सचं (आकारांचे कोपरे मांडायचं) काम सुरू झालेलं असतं, त्यामुळे पासगणिक टाइमस्टँप (सुरू-संपल्याच्या वेळेच्या नोंदी) फसवतात. मी आधी बाहेरच्या मेमरीतून किती वाचलं, किती लिहिलं ते मोजणारे जीपीयूचे काउंटर बघतो. आमच्या ब्लूमच्या (उजेडाभोवतीच्या झळाळीच्या) पासमध्ये प्रत्येक बफर (चित्र साठवायची जागा) सुरुवातीला क्लिअर न केल्यामुळे त्यातलं जुनं चित्र उगाच मेमरीतून परत आणलं जात होतं. क्लिअर केल्यावर मिलिसेकंदांत नावापुरता फरक पडला. पण मेमरीची ये-जा घटली, फोन उशिरा तापू लागला. तुमच्या नियमाने हा बदल कचऱ्यात गेला असता.

शेडरवाला:
हा मुद्दा मला मान्य करावा लागेल, काउंटर मी पुरेसे बघत नाही. पण तापलेल्या फोनवरचा आकडा सुधारला तो तुमच्या बदलामुळे, की त्या दिवशी खोलीत एसी चालू होता म्हणून? मे महिन्यातली आणि डिसेंबरातली मोजणी शेजारी कशी ठेवणार?

कन्सोलवाली:
दोघंही जीपीयूच अडतोय असं गृहीत धरून भांडताय. आधी ते तरी तपासा. सीपीयूवर ड्रॉ कॉलच्या (जीपीयूला ‘हे काढ’ सांगणाऱ्या हुकुमाच्या) आगेमागे टायमर लावून ‘हा ड्रॉ महाग’ म्हणणारे मी रोज बघते. तो टायमर फक्त हुकूम रांगेत लावायचा वेळ मोजतो. जीपीयू ते काम नंतर त्याच्या गतीने करतो. रेझोल्यूशन दोन्ही बाजूंनी निम्मं करा. पिक्सेल एक चतुर्थांश झाले तरी फ्रेमचा वेळ हलला नाही, तर पिक्सेल शेडर (पिक्सेलचा रंग ठरवणारा प्रोग्राम) घासत बसण्यात अर्थ नाही.

आता क्लॉकचं. एक्सबॉक्स सिरीज एक्सचा जीपीयू १.८२५ गिगाहर्ट्झवर स्थिर. प्लेस्टेशन ५ चा २.२३ पर्यंत बदलता, पण तो बदल तापमानावर नाही, कामाच्या स्वरूपावर ठरतो. म्हणून थंडीत आणि उन्हाळ्यात सारखाच वागतो. म्हणजे क्लॉक बदलतो ही अडचण नाहीच. तो कशाने बदलतो हे कळत नाही, ही अडचण आहे. फोनवर क्लॉक आणि तापमान, दोन्ही आकडे मिलिसेकंदांच्या शेजारी नोंदवा.

मालीकर:
नोंदवतोच. एसीच्या शंकेवरचा उपाय साधा: जुना आणि नवा बिल्ड (गेमची तयार आवृत्ती) एकाच खोलीत, दोन सारख्या फोनवर, शेजारी ठेवून वीस मिनिटं चालवायचे. मग फोन अदलाबदल करून पुन्हा.

शेडरवाला:
हे करून बघतो. पण रोज रात्रीच्या बिल्डला एवढा वेळ नसतो. तिथे मी लॉक केलेल्या क्लॉकवरच बिल्ड अडवणार.

मालीकर:
अडवा. रिलीजचा बिल्ड मात्र मी तापलेल्या फोनवरच अडवीन, आणि तेव्हा लॉक क्लॉकचा तक्ता दाखवून तो सोडायला सांगू नका.