अ‍ॅडव्होकसी : वकिली, पैरवी की पाठपुरावा?

शाईपेन
कैरोच्या १९९४ च्या लोकसंख्या परिषदेनंतर निरनिराळ्या देशांच्या खासदारांनी काय केलं, यावरची पुस्तिका मराठीत आणते आहे. २००२ साली ओटावात ते जमले होते, त्या भागात गाडी अडली. 'पार्लमेंटरी अ‍ॅडव्होकसी फॉर रिप्रॉडक्टिव्ह हेल्थ'ला मी 'प्रजनन आरोग्यासाठी संसदीय वकिली' लिहिलं. सासूबाई वाचून म्हणाल्या, "म्हणजे हे खासदार कोर्टात उभे राहतात का गं?" संस्थांमध्ये 'जनवकिली' रुळलाय, पण खासदारच बोलतो तेव्हा त्यात 'जन' कुठून आणू?

जुनंबाड
'पाठपुरावा' हा आपला शब्द असताना अडचण काय? एखाद्याची पाठ पुरवायची, काम होईतो सोडायची नाही. आणि गंमत बघा, फारसी 'पैरवी'तला 'पै' म्हणजे पाऊल. पावलावर पाऊल ठेवत मागे जाणं. दोन्हींत मागे लागणंच आहे.

कृष्णाकाठ
काका, व्युत्पत्ती सुंदर, पण पाठपुरावा आधीच दिलेल्या अर्जाचा करतात. इथे मुळात ज्याला पटलेलं नाही त्याला पटवायचंय. १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आला. मसुदा बाबासाहेबांचा, मांडला आमदार रोहमांनी. ठराव नामंजूर झाला. त्याला पाठपुरावा कसं म्हणणार? त्यांनी बायकांची बाजू मांडली. 'बाजू मांडणे' लिहा.

शाईपेन
पटतंय. पण 'बाजू मांडणे'चं नाम कसं करू? शीर्षकात हवंय.

वर्‍हाडी मास्तर
माझा आक्षेप 'प्रजनन'वर आहे. हा शब्द आम्ही पशुसंवर्धनाच्या पाटीवर वाचला, पशुप्रजनन केंद्र. बाईच्या आरोग्याला तोच शब्द? र. धों. कर्व्यांनी शंभर वर्षांपूर्वी 'संततिनियमन' चालवून दाखवला, तो वापरा.

कृष्णाकाठ
मास्तर, नियमन हा एक भाग झाला. कैरोत १७९ देशांनी मान्य केलं ते त्याहून मोठं आहे : मूल हवं की नको, कधी, किती, हे ठरवायची मोकळीक, आणि त्यासाठी लागणारी सेवा. ज्या बाईला मूल होत नाही तीही त्यात आली. 'संततिनियमन' म्हटलं की ती बाहेर राहते.

सुईणीची नात
मी ऊसतोडीच्या भागात आरोग्यसेविका होते. तेरा वर्षांत एकाही बाईच्या तोंडून 'प्रजनन' ऐकला नाही. बाई दारात बसायची, पदराचं टोक बोटाला गुंडाळायची आणि हळूच म्हणायची, "ताई, पिशवीचा त्रास हाय." २०१९ मध्ये हा प्रश्न विधिमंडळात गाजला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीडच्या ८२,३०९ ऊसतोड बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. पुस्तकात 'पिशवी' लिहा. ज्यांच्यासाठी सभागृहात बोलायचं, त्यांना तरी कळू दे.

जुनंबाड
ताई, तुमच्या कामाला नमस्कार. पण छापील मराठीत 'गर्भाशय' असताना 'पिशवी'? उद्या मुलं परीक्षेत लिहितील.

सुईणीची नात
लिहू देत की! 'गर्भाशय काढलं' हे त्या बाईला सहीच्या कागदावर वाचून दाखवलं, तर कशाला होकार दिला हे तिला कळत नाही. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. शब्द समजला असता तर काही जणींनी अंगठा दिला नसता.

वर्‍हाडी मास्तर
एवढ्या बायका तयार तरी का होतात?

सुईणीची नात
खाड्यामुळे. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल कोयत्यावर घेतलेली असते. पाळीत बाई फडात गेली नाही की खाडा, म्हणजे दंड. मग कुणीतरी सांगतं, पिशवी काढ, कटकट मिटेल. वय विचाराल तर तिशीसुद्धा नसते.

जुनंबाड
खाडा म्हणजे गैरहजेरी. दंड हा अर्थ मी कुठे वाचलेला नाही. 'खंड'वरून आला असावा.

सुईणीची नात
काका, फडात दोन्हींना एकच शब्द आहे. "खाडा पडला" आणि "खाडा कापला". दुसरा तुम्ही ऐकला नसेल.

कृष्णाकाठ
आमच्या घरी कॅलेंडरवर दुधाचे खाडे मांडतात. महिनाअखेरीला तेवढे पैसे वाचतात. तिथे तेच बाईच्या मजुरीतून जातात, हे आज कळलं.

शाईपेन
'कोयता'बद्दल अजून सांगा ताई. बाई एकटी असली, नवरा नसला, तर तिला काय म्हणतात?

सुईणीची नात
अर्धा कोयता.