मदत हवी आहे: कंपनीचे एमडी, सीएफओ, अध्यक्ष कुणीच उत्तर देत नाही

वैतागलेला_भागधारक
जाणकारांनी कृपया लवकर सांगावे. एका मोठ्या कंपनीचे शेअर आमच्याकडे १९९४ पासून आहेत. डिव्हिडंड येणे केव्हाच बंद झाले. गेल्या चार महिन्यांत एमडी (व्यवस्थापकीय संचालक), सीएफओ (वित्तप्रमुख) आणि अध्यक्ष यांना मिळून अकरा ईमेल केले, एकाचेही उत्तर नाही. मुख्य कार्यालयात फोन केला तर "ईमेल करा" एवढेच ऐकायला मिळते. भागधारक म्हणजे कंपनीचा मालक असे म्हणतात, मग मालकाला दोन ओळींचे उत्तर द्यायला काय हरकत आहे? एमडीचा थेट नंबर किंवा वैयक्तिक ईमेल कसा मिळवायचा? आणि सेबीकडे, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाकडे, तक्रार केली तर काही होते का?

टाचणी
शेअर कागदी आहेत की डीमॅटमध्ये? कोणाच्या नावावर? कंपनी लिस्टेड, म्हणजे शेअर बाजारात नोंदलेली, आहे का? ईमेलमध्ये फोलिओ नंबर, म्हणजे कंपनीकडचा भागधारकाचा खाते क्रमांक, लिहिला होता का? डिव्हिडंड नेमका कोणत्या वर्षापासून बंद आहे? एवढे कळल्याशिवाय कोणीही जे सांगेल तो अंदाजच असेल.

कोथरूडचा_काका
सरळ स्कोअर्सवर, म्हणजे सेबीच्या तक्रार पोर्टलवर, तक्रार टाका. पॅन देऊन नोंदणी करायची, कंपनीचे नाव निवडायचे आणि केलेले ईमेल पीडीएफ करून जोडायचे. १ एप्रिल २०२४ पासून नवी आवृत्ती आहे. तक्रार आपोआप कंपनीकडे जाते आणि कंपनीला २१ दिवसांत कारवाईचा अहवाल द्यावाच लागतो. समाधान झाले नाही तर १५ दिवसांत पहिला आढावा मागता येतो, त्यानंतर दुसरा आढावा खुद्द सेबीकडे. तरीही वाद उरला तर ऑनलाइन तडजोड आणि लवादासाठी स्मार्ट ओडीआर पोर्टल आहे. एमडीच्या मागे लागण्यात वेळ घालवू नका.

नियमावली
काका, स्कोअर्स उत्तम, पण आत्ता टाकली तर २१ व्या दिवशी "कागदपत्रे अपूर्ण, कृपया पूर्तता करावी" असे उत्तर येईल आणि तक्रार बंद होईल. आधी योग्य माणसाकडे योग्य कागद गेले पाहिजेत.

धागाकर्ते, भागधारकांचे काम एमडी किंवा सीएफओच्या टेबलावर नसतेच. लिस्टेड कंपनीत कंपनी सेक्रेटरी हाच अनुपालन अधिकारी असतो आणि भागधारकांच्या तक्रारींची जबाबदारी त्याची. सेबीच्या लिस्टिंग नियमांतल्या नियम ४६ प्रमाणे तक्रारींसाठीचा वेगळा ईमेल पत्ता आणि संबंधित अधिकाऱ्याचा संपर्क कंपनीच्या संकेतस्थळावर असणे बंधनकारक आहे. "इन्व्हेस्टर रिलेशन्स" हा भाग बऱ्याचदा विश्लेषकांसाठी असतो, तिथे लिहू नका. वार्षिक अहवालात कंपनी सुशासनाच्या अहवालाच्या शेवटी "भागधारकांसाठी सर्वसाधारण माहिती" असते, त्यात आरटीएचा, म्हणजे शेअर नोंदणीचे काम पाहणाऱ्या संस्थेचा, पत्ता मिळेल. अहवाल नवाच बघा, कारण आरटीए बदलतात, त्यांची नावेही बदलतात. लिंक इनटाइमचे नाव आता एमयूएफजी इनटाइम झाले आहे.

चौथी_घंटा
मला हे पटत नाही. कागद पाठवत बसलात तर वर्षे जातील. वार्षिक सर्वसाधारण सभेत उभे राहून विचारा. मार्चअखेरीच्या कंपनीची सभा ३० सप्टेंबरपर्यंत व्हावी लागते, नोटीस २१ दिवस आधी येते, ऑनलाइन सभेत वक्ता म्हणून नाव नोंदवायची मुदत नोटिशीतच असते. भागधारक संबंध समितीच्या अध्यक्षाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या सदस्याने सभेला हजर राहायचे असते. सगळ्या संचालकांसमोर फोलिओ नंबर वाचून दाखवला की दुसऱ्या दिवशी फोन येतो.

टाचणी
सभेत बोलायला नाव सदस्यांच्या नोंदवहीत लागते. शेअर कोणाच्या नावावर आहेत हे धागाकर्त्यांनी अजून सांगितलेले नाही.

वैतागलेला_भागधारक
शेअर कागदी आहेत, वडिलांच्या नावावर. वडील २०२१ मध्ये गेले. नॉमिनेशन केलेले नव्हते. ईमेलमध्ये वडिलांचे नाव आणि कंपनीचे नाव लिहिले होते, फोलिओ नंबर लिहायचा असतो हे माहीत नव्हते. पासबुकात शेवटचा डिव्हिडंड सप्टेंबर २००९ चा दिसतो, २०१० मध्ये आम्ही घर बदलले. सर्टिफिकेट ५० शेअरचे आहे. पण या सगळ्याचा उत्तर न देण्याशी काय संबंध?

नियमावली
सगळा संबंध इथेच आहे. कंपनीच्या लेखी तुम्ही अजून भागधारक नाही. तुमच्या नावाच्या ईमेलवरून वडिलांच्या शेअरची चौकशी आली, तर फोलिओ, पॅन आणि मृत्यूचा दाखला पाहिल्याशिवाय आरटीए माहिती देत नाही. एरवी कोणीही कोणाच्याही शेअरची माहिती काढेल. उत्तर द्यायला हवेच होते, तो कंपनीचा दोष आहे. पण उत्तर आले असते तरी ते "कागदपत्रे पाठवा" हेच असते.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ऑगस्ट २०१० चा डिव्हिडंड वटला नाही असे धरू. जाहीर झाल्यापासून ३० दिवसांत तो द्यायचा, न दिलेली रक्कम पुढच्या ७ दिवसांत वेगळ्या खात्यात टाकायची आणि तिथून ७ वर्षांनी ती आयईपीएफकडे, म्हणजे केंद्र सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे जाते. कंपनी कायद्याच्या कलम १२४ प्रमाणे सलग सात वर्षे डिव्हिडंड घेतला नसेल तर शेअरसुद्धा तिकडे जातात. तुमच्या हिशेबाने २०१७ अखेर. म्हणजे शेअर बहुधा कंपनीकडे नाहीतच. आयईपीएफच्या संकेतस्थळावर नावाने किंवा फोलिओने शोधा. कंपनीच्या संकेतस्थळावरही हस्तांतरित शेअरची यादी असते. हक्क बुडत नाही, दाव्याला मुदत नाही.

चौथी_घंटा
तरी सभेत विचारण्यात नुकसान काय?

नियमावली
आयईपीएफकडे गेलेल्या शेअरचा मतदानाचा हक्क दावा मंजूर होईपर्यंत गोठलेला असतो, आणि मृत व्यक्तीच्या नावावर वक्ता म्हणून नोंदणी होत नाही. नुकसान वेळेचे आहे.

मुक्काम_पोस्ट
सर्टिफिकेट आणि वारसाचे कागद थेट कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर रजिस्टर्ड एडीने पाठवा. ईमेल नाकारता येतो, एडीची पोच नाकारता येत नाही.

टाचणी
रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले आहे. स्पीड पोस्ट करा आणि पोचपावती मागा. मूळ सर्टिफिकेट मात्र आत्ता पाठवू नका. आधी दोन्ही बाजूंची रंगीत प्रत काढा आणि फोलिओ, सर्टिफिकेट नंबर, डिस्टिंक्टिव्ह नंबर (शेअरचे अनुक्रमांक) कुठून कुठपर्यंत ते वहीत लिहून ठेवा. पोस्टात गहाळ झाले तर डुप्लिकेटची वेगळी प्रक्रिया लागते आणि तिथे हेच आकडे विचारतात.

हरवलेला_फोलिओ
म्युच्युअल फंडासाठी सेबीचे "मित्र" हे व्यासपीठ आहे, जुने विसरलेले फोलिओ तिथे सापडतात. बँकेतल्या बेवारस ठेवींसाठी रिझर्व्ह बँकेचे "उद्गम". दोन्हीकडे वडिलांचा पॅन टाकून बघा.

टाचणी
उपयोगी आहे, पण हा धागा शेअरचा आहे.

कोथरूडचा_काका
ठीक, आयईपीएफ असेल तर माझी सूचना बदलतो. आयईपीएफ-५ हा शेअर परत मागण्याचा अर्ज एमसीएच्या, म्हणजे केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या, पोर्टलवर आजच भरून टाका. शुल्क शून्य आहे. टक्केवारीवर काम करून देणारे फोन करतील, त्यांना पॅन किंवा ओटीपी देऊ नका.

नियमावली
काका, पुन्हा घाई होते आहे. शेअर वडिलांच्या नावाने गेले आहेत आणि दावा मुलगा करणार. आधी आरटीएकडे वारसाहक्काची कागदपत्रे द्यायची. ती तपासून कंपनी किंवा आरटीए हक्कपत्र देते, "एंटायटलमेंट लेटर". ते जोडूनच आयईपीएफ-५ भरायचा. त्याशिवाय भरला तर अर्ज परत येतो किंवा फेटाळला जातो. शिवाय एका कंपनीसाठी आर्थिक वर्षात एकच एकत्रित दावा करता येतो, म्हणून चुकीचा अर्ज घालवणे महागात पडते.

आरटीएला द्यायचे ते असे. शेअर वारसाच्या नावावर करण्याचा आयएसआर-५ अर्ज, मृत्यूच्या दाखल्याची साक्षांकित प्रत, दावेदाराचे पॅन आणि आधार, नाव छापलेला रद्द केलेला चेक, डीमॅटची क्लायंट मास्टर लिस्ट (खात्याच्या तपशिलाचा कागद). सहीच्या पडताळणीसाठी आयएसआर-२, त्यावर बँक मॅनेजरची सही, नाव, कर्मचारी क्रमांक आणि शाखेचा शिक्का लागतो. शाखेत नुसता गोल शिक्का मारून देतात आणि कर्मचारी क्रमांक राहतो. अर्ज परत येण्याचे हे नेहमीचे कारण आहे. नॉमिनेशन नाही आणि कंपनीतल्या कागदी शेअरची किंमत ५ लाखांपर्यंत आहे, तर सगळ्या वारसांचे नोटरी केलेले प्रतिज्ञापत्र, हानिरक्षण बंधपत्र (नुकसान झाल्यास भरून देण्याची हमी) आणि दावा न करणाऱ्या वारसांचे हरकत नसल्याचे पत्र पुरते. त्यावर गेली तर उत्तराधिकार प्रमाणपत्र, प्रोबेट (न्यायालयाने प्रमाणित केलेले मृत्युपत्र) किंवा सक्षम अधिकाऱ्याचा कायदेशीर वारस दाखला. आजचा बाजारभाव पाहून आधी ही मर्यादा तपासा.

सांगलीकर
तलाठ्याकडची वारस नोंद चालते की. सातबाऱ्यावर नावे लागली असतील तर तोच उतारा जोडा.

नियमावली
नाही. ती जमिनीच्या फेरफारासाठी आहे, शेअरसाठी आरटीए ती मानत नाही. १८२७ च्या मुंबई विनियम ८ खालचे वारस प्रमाणपत्र दिवाणी न्यायालय देते, ते वेगळे. सांगलीकर, अनेकांचे कागद याच गोंधळामुळे परत येतात, म्हणून स्पष्ट लिहितो आहे.

टाचणी
स्टॅम्पबद्दल एक भर: महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून १०० ऐवजी ५०० रुपयांचा स्टॅम्प घ्यावा लागतो. नोटरीच्या दुकानात जुना मसुदा पुढे करतात, त्यात शंभरच लिहिलेले असते. आणि वडिलांचे नाव सर्टिफिकेटवर आद्याक्षरांनी आणि मृत्यूच्या दाखल्यावर पूर्ण असेल, तर दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र आत्ताच करून घ्या. नंतर त्याच मुद्द्यावर फाइल थांबते.

गोव्याहून_विचारतो
मध्येच विचारतो, माफ करा. माझ्याकडे एका अनलिस्टेड कंपनीचे शेअर आहेत, तिथेही कोणी उत्तर देत नाही. स्कोअर्स चालेल का?

टाचणी
नाही. सीआयएनचे, म्हणजे कंपनीच्या नोंदणी क्रमांकाचे, पहिले अक्षर बघा, एल म्हणजे लिस्टेड, यू म्हणजे अनलिस्टेड. यू असेल तर एमसीए पोर्टलवरून कंपनी निबंधकाकडे तक्रार, तुमच्यासाठी पणजीचे कार्यालय. सदस्य म्हणून नोंदवही विनाशुल्क पाहता येते, आणि सभेच्या इतिवृत्ताची प्रत मागितल्यावर ७ कामकाजाच्या दिवसांत द्यावी लागते. तुमचा वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर बोलू.

वैतागलेला_भागधारक
आयईपीएफच्या यादीत वडिलांचे नाव सापडले! फोलिओ जुळतो. पण तिथे २५० शेअर दाखवतात आणि सर्टिफिकेट ५० चे आहे. आता हे काय? आणि ज्या कंपनीने अकरा ईमेलना उत्तर दिले नाही ती हक्कपत्र देईल यावर विश्वास कसा ठेवू?

नियमावली
५० शेअर १० रुपये दर्शनी किमतीचे असणार. पुढे कंपनीने दर्शनी किंमत २ रुपये केली की ५० चे २५० होतात. जुने सर्टिफिकेट तेव्हाच रद्द होते आणि नवे टपालाने येते. तुमचे घर बदलल्यानंतर हे झाले असेल तर नवे सर्टिफिकेट जुन्या पत्त्यावरून परत गेले असेल. हस्तांतरानंतर बोनस जाहीर झाला असेल तर तोही आयईपीएफच्या डीमॅट खात्यात जमा होतो, पण २०१७ च्या यादीत दिसत नाही. म्हणून आरटीएला लिहिताना तीन गोष्टी मागा: हस्तांतराची तारीख, आजचे एकूण शेअर आणि वर्षवार डिव्हिडंड. आयईपीएफ-५ मध्ये आकडे हक्कपत्रातलेच टाका, स्वतःच्या हिशेबाचे नाही. तफावत दिसली की दावा अडकतो.

उत्तराबद्दल: ईमेल कंपनी सेक्रेटरीला, प्रत आरटीएला. विषयात कंपनीचे नाव, फोलिओ आणि "वारसाहक्क व आयईपीएफ हक्कपत्राची मागणी". मजकूर आठ ओळींचा, आधीच्या अकरा ईमेलचा राग त्यात नको. तोच मजकूर स्पीड पोस्टने. संपूर्ण कागद पोचल्याची पावती हातात असूनही ते गप्प राहिले, तर त्या दिवशी काकांची स्कोअर्स.

कोथरूडचा_काका
हे मान्य. फक्त तक्रारीला मुदत आहे, कंपनीने नाकारल्यापासून किंवा गप्प राहिल्यापासून एक वर्ष. पोस्टाच्या पावतीवरची तारीख जपा.

मुक्काम_पोस्ट
हक्कपत्र आल्यावर पुढे काय, मूळ सर्टिफिकेट कुठे द्यायचे?

नियमावली
ऑनलाइन अर्ज भरला की एसआरएन, म्हणजे अर्जाचा क्रमांक, मिळतो. अर्जाची प्रिंट, पोच, हानिरक्षण बंधपत्र, आगाऊ पावती आणि मूळ सर्टिफिकेट हे सगळे आयईपीएफ दाव्यांसाठी नेमलेल्या कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे नोंदणीकृत कार्यालयात जाते, दिल्लीला आयईपीएफ प्राधिकरणाकडे नाही. पाकिटावर "आयईपीएफ प्राधिकरणाकडून परताव्याचा दावा" असे लिहायचे. त्यानंतर कंपनीने ३० दिवसांत पडताळणी अहवाल ऑनलाइन भरायचा. इथे कंपनी रेंगाळली तर एसआरएन देऊन प्राधिकरणाकडे तक्रार करा. बिगरसरकारी कंपनी माहितीच्या अधिकारात येत नाही, प्राधिकरण येते, त्यामुळे दावा कुठे थांबला हे दहा रुपयांच्या अर्जात विचारता येते.

वैतागलेला_भागधारक
बँकेत आयएसआर-२ घेऊन उद्याच जातो. वडिलांचे डीमॅट खाते नव्हते, माझे आईबरोबर संयुक्त आहे. ते चालेल का?

टाचणी
दावेदार एकटे तुम्ही असाल तर एकट्याच्या नावाचे खाते उघडा. दाव्यातले नाव, पॅन आणि डीमॅटमधले नाव अक्षरशः जुळले पाहिजे. आईंचे हरकत नसल्याचे पत्र वेगळे लागेलच, त्यांची सही उद्याच घ्या.