अनुभव धागा: एसी लावला की गाडी किंचाळते, तुमच्याकडे दोष कुठे निघाला?

तापीकाठ:
मे महिन्यात भुसावळ-धुळे फेरी मारायची म्हणजे केबिनात बसून भाजून निघायचं. म्हणून माझ्या 2008 च्या सहाचाकीला मागाहून एसी बसवून घेतला. 2025 पासून नव्या ट्रकना तो सक्तीचाच झालाय, आमच्या नशिबी मात्र जोडकाम. आता बटण दाबलं की 'चींऽऽ' करून कानठळ्या बसतात, मग हळूहळू थांबतं. पहाटे कमी, दुपारी जास्त. मिस्त्री म्हणतो, कंप्रेसर (एसीचा गॅस दाबणारा पंप) गेला, नवा टाका. खिशात हात घालण्याआधी विचारतोय. ऐकीव नको, स्वतःच्या गाडीचं सांगा.

शेवभाजी:
एसी बंद असताना आवाज येतो का, ते आधी बघा. कंप्रेसरची पुली पट्ट्याने इंजिनाबरोबर कायम फिरतच असते. एसी लावल्यावर 'टक' झालं की कंप्रेसरच्या क्लचची प्लेट तिला चिकटते, तेव्हा कुठे आतला पंप फिरतो. माझी जुनी पिकअप एसी असो-नसो, सारखीच किरकिरायची. पट्टा उतरवून पुली हाताने फिरवली तर वाळूत फिरल्यासारखी खरखर लागली. नुसतं पुलीचं बेअरिंग बदललं. कंप्रेसर तोच आहे, आजही गारवा देतो.

अहिराणी माणूस:
भाऊ, पट्टा काढी टाक आणि गाडी चालू करी दख. आवाज गया ते दोष तठेच शे (तिथेच आहे).
(पण त्याच पट्ट्यावर पाण्याचा पंप असेल तर मिनिटभरातच बंद करा, इंजिन तापतं.)

जिनिंगवाला:
तुमचं 'दुपारी जास्त' वाचून माझी गंमत आठवली. आमची गाडी सरकीच्या आणि गाठींच्या फेऱ्या मारते, हंगामात उभी असते तीही जिनिंगच्या आवारात. एसी लावला की पट्टा ओरडायचा. पट्टा ताणला, चार दिवसांनी पुन्हा तेच. नवा पट्टा टाकला, तोही ओरडला. शेवटी एका म्हाताऱ्या फिटरने पुढची जाळी काढायला लावली. कंडेन्सरवर (तापलेला गॅस थंड करणारा पुढचा भाग) कापसाच्या तुसाची गोधडी! वर काळ्या मातीचा थर. हवा आरपार जाईना, त्यामुळे गॅस थंड होईना, दाब चढे, कंप्रेसर फिरायला जड जाई आणि पट्टा घसरे. उन्हात दाब आधीच जास्त, म्हणून दुपारी तमाशा. आतल्या बाजूने बाहेर असं हलकं पाणी मारून धुतलं. जोराचा फवारा मारू नका, पत्र्याच्या पात्या वाकतात. त्याआधी कुणीतरी गॅस 'थोडा जास्तच' भरून दिला होता, तोही मोजून कमी करावा लागला. जास्त गॅसनेही दाब चढतोच. आता दर पंधरा दिवसांनी जाळी बघतो.

केळीची गाडी:
पट्ट्याला साबण चोळा, लगेच गप्प होतो.

शेवभाजी:
गप्प होतो, बरा होत नाही. वर धूळ चिकटते ती वेगळीच. त्यापेक्षा इंजिन चालू ठेवून लांबून चार थेंब पाणी टाकायचं. आवाज क्षणभर गेला तर पुली रेषेत नाहीत किंवा पट्टा झिजलाय. उलट वाढला तर पट्टा ढिला. गळ्यातला गमछा मात्र आधी काढून ठेवा, ही गोष्ट हसण्यावारी नेऊ नका.

भरीत-भाकरी:
माझा कंप्रेसर खरंच गेला होता, म्हणून दुसरी बाजू सांगतो. दर उन्हाळ्यात गॅस भरायचो, गळती कुठे आहे ते शोधलंच नाही. गॅसबरोबर तेलही फिरतं आणि गळतीतून थोडं थोडं निघून जातं, हे तेव्हा माहीत नव्हतं. पुढे क्लच लागला की आतून दळण दळल्यासारखी घरघर यायची. तुमच्यासारखं चीं नाही. लांब पेचकसाचं टोक कंप्रेसरच्या अंगाला, मूठ कानाला लावली की स्पष्ट ऐकू येई. उघडला तर तेलात चमचमणारा चुरा. मग नुसता कंप्रेसर बदलून भागत नाही. नळ्या धुतल्या, कंडेन्सर आणि ड्रायर (गॅसमधला ओलावा शोषणारा डबा) बदलला. खर्च विचारू नका.

तापीकाठ:
काल लळिंग घाट उतरून धुळ्यात थांबलो आणि सगळं करून पाहिलं. एसी बंद असताना आवाज नाही. पुली हाताने लोण्यासारखी फिरते. पाणी टाकलं तर चीं वाढली. पट्टा ताणायला गेलो तेव्हा कळलं, कंप्रेसरच्या ब्रॅकेटचं भोक रुंदावून लांबट झालंय. क्लच लागला की अख्खा कंप्रेसर जरा पुढे झुकायचा आणि पट्टा ढिला पडायचा. पट्ट्याच्या कडा काचेसारख्या चकचकीत झालेल्या. नवीन भोक पाडून जाड वॉशर टाकले, पट्टा नवा घातला, दोन्ही पुलींवर सरळ पट्टी धरून रेषा जुळवली. परत येताना पारोळ्यापर्यंत एसी चालू होता, चूं नाही. जाळी काढली तेव्हा मूठभर तूसही निघालं, जिनिंगवाले भाऊ.