आयोवातून कब्सचे सामने सरळ मार्गाने आणि परवडतील असे कसे बघायचे? (मदत हवी आहे)

मक्याच्या_रानात | जुलै २०२५

नमस्कार मंडळी. आम्ही आयोवात, सीडर रॅपिड्सला राहतो. टीव्हीवर बेसबॉल बघण्याबद्दल विचारायचंय. ऐकायला सोपं वाटेल, पण महिनाभर डोकं फिरलंय. पाल्हाळ नको असेल त्यांनी थेट शेवटचा परिच्छेद वाचावा.

माझे सासरे, अण्णा, मे महिन्यात सांगलीहून आले, ऑक्टोबर संपेपर्यंत इथेच आहेत. आम्ही दोघं दिवसभर कामावर, मुलं कॅम्पला, बाहेर पायी जाण्यासारखं काही नाही. त्यात त्यांना शिकागो कब्स या बेसबॉल संघाचा नाद लागला. त्यांच्या रिगली फील्ड या मैदानावर दिवसाचे सामने बरेच होतात. दुपारी १:२० ला सुरू होतात आणि चहाच्या वेळेला आटोपतात. रात्री नऊला दिवा मालवणाऱ्या माणसाला आणखी काय हवं? (त्या मैदानावर १९८८ पर्यंत दिवेच नव्हते, ही माहिती मला अण्णांनीच दिली. मी इथे इतकी वर्षं राहून मला ठाऊक नव्हतं.) आता त्यांनी शंभर पानी वही केलीय, प्रत्येक फलंदाजाची नोंद त्यात असते. इमानागा हा जपानी डावखुरा गोलंदाज त्यांचा लाडका. वेगावर नाही, डोक्यावर बळी घेतो म्हणतात, आणि मग बेदीच्या गोष्टी सुरू होतात.

आमच्या केबलच्या पॅकेजात मार्की स्पोर्ट्स नेटवर्क होतं, कब्सचे बहुतेक सामने तिथेच असतात. जूनमध्ये केबल कंपनीने ते चॅनेल गुपचूप वरच्या पॅकेजात नेलं. बिलावरचं ‘प्रादेशिक क्रीडा शुल्क’ मात्र होतं तिथेच आहे! फोन केला तर बाईंनी अतिशय गोड आवाजात महिना तीस डॉलर जास्तीचं पॅकेज सुचवलं. मग नवऱ्याने एका स्ट्रीमिंग कंपनीचं लाइव्ह टीव्ही घेतलं. जाहिरातीत ‘सगळे खेळ एकाच ठिकाणी’. आत शंभरावर चॅनेल, त्यात मार्की नाही. बरं, मार्की असतं तेव्हाही शुक्रवारचा एखादा सामना ॲपलवर जातो, शनिवारचा फॉक्सवर, रविवारचा आणखी कुठे. अण्णा रोज सकाळी विचारतात, “आज कुठल्या डब्यात?” आणि मी ऑफिसच्या मीटिंगमधून शोधत बसते.

तर विचारायचं हे. लीगची इंटरनेटवर सामने दाखवणारी सेवा, एमएलबी.टीव्ही, यंदा (२०२५) वर्षाला १४९.९९ डॉलरला आहे, ते घेतलं की सुटेल का? नाहीतर कब्सपुरतं स्वस्त काय पडेल? आणि अण्णा सांगलीला परतल्यावर त्यांना तिकडे बघता येईल का? व्हीपीएनसारखी (इंटरनेटवर आपली जागा दडवणारी) वाकडी वाट नको, अण्णा निवृत्त मुख्याध्यापक आहेत, मला घरात राहायचंय.

चहाबाज

अण्णांना दंडवत. आमच्या घरी हाच प्रश्न, फक्त संघ कार्डिनल्स. वाचतोय.

डेमॉइनकर

ताई, एमएलबी.टीव्ही घेऊ नका. निदान कब्ससाठी तरी अजिबात नको.

लीगने प्रत्येक संघाला टीव्हीसाठी आपापला इलाखा आखून दिलाय. त्या इलाख्यातल्या घरात त्या संघाचा सामना एमएलबी.टीव्हीवर थेट दिसत नाही, स्थानिक चॅनेलवरच बघावा लागतो. आयोवाला स्वतःचा मोठा संघ नाही, म्हणून शेजारपाजारच्या सगळ्यांनी आपल्याला आपल्यात धरलंय. कब्स, व्हाइट सॉक्स, कार्डिनल्स, ब्रुअर्स, ट्विन्स, रॉयल्स. सहा संघ. लीगमध्ये तीस आहेत, म्हणजे पाचवा हिस्सा गेला, आणि ते सहा एकमेकांशी खेळत नसतील तर एका संध्याकाळी सहा सामने झाकलेले. लास व्हेगसची गतही अशीच, तिथेही सहा. तुमच्यापासून शिकागो गाडीने चार तास. चार तासांवरचं मैदान म्हणजे लीगच्या हिशोबी तुमचं गाव.

नियम चालतो तुम्ही जिथे बसलाय त्या जागेवर. टीव्हीवर इंटरनेटच्या पत्त्यावरून, फोनवर जीपीएसवरून. न्यू जर्सीला भाचीकडे गेलात की तेच कब्स दिसू लागतील आणि यांकीज, मेट्स बंद होतील.

एक पळवाट आहे, तीही अधिकृत. झाकलेला सामना संपल्यावर साधारण दीड तासाने एमएलबी.टीव्हीवर पूर्ण रेकॉर्डिंग येतं. दिवसाचा सामना चारच्या सुमारास संपला तर साडेपाचला बघता येईल. २०२३ पासून गोलंदाजाला घड्याळ लावल्याने सामने सरासरी पावणेतीन तासांच्या आत आटपतात. पण निकाल आधी कळता कामा नये. अण्णांचा फोन तोवर काढून घ्यावा लागेल.

मक्याच्या_रानात

फोन काढून घेण्याची हिंमत घरात कुणाची नाही. शिवाय शेजारचे आजोबा कब्सवाले आहेत, धाव झाली की कुंपणावरून ओरडतात.

म्हणजे पैसे भरूनही जवळचे संघ दिसणार नाहीत, सिअ‍ॅटलचे दिसतील? हे कुणाला सुचलं?

नीरस_हिशेबनीस

सुचलं पैशावरून. ‘कुणाला’ याचं उत्तर जरा लांब आहे, पण मला यात रस आहे म्हणून लिहितो.

केबल जोरात होती तेव्हा स्थानिक क्रीडा चॅनेलला प्रत्येक घरामागे दरमहा पैसे मिळत, त्या घरात कुणी सामना बघो वा न बघो. शेजारच्या काकू फक्त स्वयंपाकाचे कार्यक्रम बघत असल्या तरी त्यांच्या बिलातून बेसबॉलला वर्गणी जात होती. त्या पैशातून चॅनेल संघाला भरघोस रक्कम द्यायचं आणि बदल्यात मागायचं एकच: आमच्या इलाख्यात दुसऱ्या कुणीही दाखवायचं नाही. झाकाझाकी म्हणजे त्या करारात विकलेला मुख्य माल आहे. वर्षाला १६२ सामने, म्हणजे एप्रिल ते सप्टेंबर जवळजवळ रोज संध्याकाळी चॅनेलला काहीतरी दाखवायला आहे.

मग काकूंनी केबल सोडली. संघांची चॅनेल चालवणारी डायमंड स्पोर्ट्स ही मोठी कंपनी मार्च २०२३ मध्ये दिवाळखोरीत गेली. त्याच वर्षी मे संपता संपता सॅन डिएगो पाड्रेसला द्यायचे पैसे थकले आणि प्रक्षेपण लीगने स्वतःकडे घेतलं. पुढे अ‍ॅरिझोना, मग कोलोरॅडो, यंदा (२०२५) मिनेसोटा आणि क्लीव्हलंड. या संघांचे सामने त्यांच्याच इलाख्यात स्ट्रीमिंगवर थेट विकत मिळतात. म्हणजे आयोवात बसून मिनेसोटाचे ट्विन्स आता उघडपणे बघता येतात, फक्त त्याचे वेगळे पैसे. राष्ट्रीय वाहिन्यांचे करार २०२८ नंतर संपतील तेव्हा सगळं एका छताखाली आणायचं, असं लीगचे कमिशनर मॅनफ्रेड बोलत असतात. तोवर मात्र आपला संसार असाच पाच घरी.

कब्स या पडझडीत नाहीत. मार्कीत क्लबचीच भागीदारी आहे, २०२० मध्ये त्यांनी सिंक्लेअर या प्रसारण कंपनीबरोबर ते काढलं. २०१४ पर्यंत डब्ल्यूजीएन या शिकागोच्या चॅनेलवर कब्स केबलने देशभर दिसायचे, म्हणून तर अ‍ॅरिझोनापासून आयोवापर्यंत गावोगाव त्यांचे भक्त सापडतात. फुकट दाखवून गोळा केलेला प्रेक्षक आता विकत घ्यायला लावलाय, एवढंच.

शॉर्टकट_सम्राट

एवढं पुराण कशाला? व्हीपीएन लावा, पाच डॉलर, काम फत्ते.

डेमॉइनकर

सम्राट, त्यांनी आधीच नको म्हटलंय. सेवेच्या अटींत ते बसत नाही, आणि भर खेळात नवव्या डावात बंद पडलं तर अण्णांना तुम्ही समजावणार का?

ताई, खरं उत्तर राहिलंच. मार्कीचं स्वतःचं ॲप आहे. जुलै २०२३ पासून केबलशिवाय महिना १९.९९ डॉलरला मिळतं आणि आयोवा त्यांच्या इलाख्यात आहे. ज्या इलाख्यामुळे एमएलबी.टीव्ही बंद, त्याच इलाख्यामुळे हे चालू. एवढ्यासाठी संपूर्ण लाइव्ह टीव्ही घ्यायची गरज नाही. फ्युबो या लाइव्ह टीव्ही सेवेवर मार्की आहे, पण ते यंदा महिना ८५ डॉलरच्या घरात, वर पुन्हा क्रीडा शुल्क, आणि तिथे टीबीएस हे राष्ट्रीय चॅनेल नाही. ते ऑक्टोबरमध्ये नडेल, खाली लिहितो.

शनिवारी फॉक्ससाठी छपरावरचा किंवा खिडकीतला अँटेना पुरे, एकदाच वीस ते चाळीस डॉलर, नंतर फुकट. फक्त फॉक्स आपल्या भागात कुठला सामना दाखवेल ते तेच ठरवतात, कधी कब्सऐवजी कार्डिनल्स येतील. शुक्रवारी ॲपलवर दोन सामने असतात, महिन्याच्या वर्गणीवर, तिथे इलाख्याची भानगड नाही. कब्सचा नंबर लागेल त्याच महिन्यात घ्या आणि लगेच रद्द करा. यंदा (२०२५) रविवारी दुपारचा एक सामना रोकू चॅनेलवर फुकट असतो, त्यासाठी रोकूचा डबा लागत नाही. रविवार रात्रीचा यंदा ईएसपीएनवर, तो सोडून द्या, अण्णा झोपलेले असतात. मंगळवारचे टीबीएसचे सामने मार्कीवरही दिसतात, त्यामुळे तिकडे धावायचं कारण नाही.

आणि हे लक्षात ठेवा: यंदाचा (२०२५) नेहमीचा हंगाम २८ सप्टेंबरला संपतो. त्यापुढच्या बाद फेरीतला एकही सामना मार्कीवर नसतो. तेव्हा ते बंद करा. यंदा नॅशनल लीगची (कब्स ज्यात आहेत त्या गटाची) बाद फेरी टीबीएसकडे आहे, एचबीओ मॅक्सवरही दिसते. पहिली वाइल्ड कार्ड फेरी तेवढी ईएसपीएनकडे. वर्ल्ड सिरीज, म्हणजे अंतिम लढत, फॉक्सवर, म्हणजे अँटेना पुन्हा कामाला.

रेडिओवाला_काका

तुम्ही सगळे चित्रात अडकलात. अण्णा सांगलीचे, आकाशवाणीच्या समालोचनावर वाढलेले. त्यांना रेडिओ लावून द्या ना! शिकागोचं ६७० एएम, समालोचक पॅट ह्यूज, १९९६ पासून कब्सचा आवाज. रात्री हवा चांगली असेल तर साध्या रेडिओवरही शिकागो पकडतं. लीगच्या ॲपवर फक्त आवाजाची वर्गणी मिळते, ती चित्राच्या मानाने किरकोळ आहे आणि आवाजाला इलाख्याची बंदी नाही. वही भरणाऱ्या माणसाला तर रेडिओच बरा, मान खाली घालून लिहिता येतं.

तुमच्याच राज्यातली गोष्ट: १९३० च्या दशकात डेमॉइनच्या डब्ल्यूएचओ स्टेशनवरून एक तरुण कब्सच्या सामन्यांचं वर्णन करायचा. सामना शिकागोत, हा आयोवात, समोर फक्त तारेने येणाऱ्या त्रोटक चिठ्ठ्या. बाकीचं सगळं, गर्दी, ऊन, फलंदाजाचं टोपी सारखी करणं, मनाने रचायचा. त्याचं नाव रोनाल्ड रेगन. आयोवाकरांना कब्स न बघता कब्सचं वेड लागायची परंपरा जुनी आहे.

पुण्याहून_पहाटे

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे. मी पुण्यातून एमएलबी.टीव्हीवर यांकीज बघते. अमेरिकेतल्या स्थानिक इलाख्यांचा नियम भारतात लागू नाही. सांगलीत बसून अण्णा ते सहाही संघ थेट बघतील! संध्याकाळी ७:०५ चा शिकागोचा सामना आपल्याकडे सकाळी ५:३५ ला, पहिल्या चहाबरोबर. दिवसाचा १:२० चा मात्र रात्री ११:५० ला सुरू होतो, तो त्यांनी दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंगवर बघावा. ते ऑक्टोबरअखेर परतणार तर आत्ता घेऊ नका, मार्चमध्ये हंगामाच्या तोंडावर घ्या. ॲपलचे शुक्रवारचे सामने इथेही वेगळेच असतात.

चहाबाज

सांगलीत दिसतात, सीडर रॅपिड्सला नाही. धन्य आहे.

मक्याच्या_रानात

सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः डेमॉइनकर. काल लाइव्ह टीव्ही रद्द केलं आणि मार्कीचं ॲप घेतलं. केबलचं नुसतं इंटरनेट ठेवलंय. त्यांनी पुन्हा गोड आवाजात ‘निष्ठावंत ग्राहक’ म्हणून सवलत देऊ केली, मी शुल्काची चौकशी केली तेव्हा फोन दुसऱ्या विभागात गेला.

काका, रेडिओची गंमत झाली. अण्णांना आवाज पॅट ह्यूजचा आणि चित्र मार्कीचं असं दोन्ही हवंय. पण चित्र आवाजाच्या बरंच मागे येतं, त्यामुळे चेंडू पडायच्या आधीच झेल कळतो. यावर काही उपाय?

रेडिओवाला_काका

आवाज थांबवून ठेवा आणि चित्र तिथवर आलं की सोडा. लीगच्या ॲपमध्ये आवाज थांबवता येतो, साध्या रेडिओवर नाही. जाहिरातीनंतर पुन्हा जुळवावं लागेल कदाचित. अण्णांकडे सोपवा हे काम, मुख्याध्यापक आहेत.

डेमॉइनकर

अँटेना घेण्याआधी एफसीसी या अमेरिकी सरकारच्या दूरसंचार आयोगाच्या संकेतस्थळावर टीव्ही सिग्नलचा नकाशा आहे, त्यात घराचा पत्ता टाका. कुठलं स्टेशन कुठल्या दिशेला आणि किती जोरात ते दाखवतो. खिडकी त्या बाजूची निवडा. आणि एखाद्या संध्याकाळी अण्णांना तुमच्याच गावच्या कर्नल्सच्या मैदानावर न्या. ट्विन्सचा कनिष्ठ संघ आहे, तिकीट स्वस्त, आणि वही मांडीवर ठेवून लिहिता येईल इतकं जवळून दिसतं.

मक्याच्या_रानात

नकाशा बघितला, फॉक्सची दिशा नेमकी न्हाणीघराच्या खिडकीची निघाली. माळ्यावर लावायचा अँटेना कुणी वापरलाय का? कंपनीचं नाव नको, फक्त वायर किती लांब लागते ते सांगा.