मदत हवी आहे: १८९५चा मॉर्गन डॉलर, अस्सल प्रूफ की मिंटमार्क खरवडलेला?

नमस्कार मंडळी,

मी न्यू जर्सीत राहतो. शेजारच्या अमेरिकन आजी यजमानांच्या पश्चात त्यांचा नाणेसंग्रह विकायला निघाल्यात. त्यात १८९५चा एक मॉर्गन डॉलर (अमेरिकेचं जुनं चांदीचं नाणं) आहे आणि त्यावर मिंटमार्क (टांकसाळीची खूण असलेलं अक्षर) नाही, म्हणजे फिलाडेल्फियाच्या टांकसाळीचा. एका दुकानदाराने तो चांदीच्या भावात मागितलाय आणि आजी हो म्हणायच्या बेतात आहेत. म्हणून घाई.

फिलाडेल्फियाने त्या वर्षी संग्राहकांसाठी फक्त ८८० प्रूफ, म्हणजे आरशासारखी चकाकणारी खास नाणी, पाडले. चलनासाठीच्या १२,००० नाण्यांची नोंद टांकसाळीच्या कागदांत आहे, पण त्यातलं एकही खात्रीचं नाणं आजवर समोर आलेलं नाही. त्यामुळे मॉर्गनची मालिका पुरी करायची तर हा प्रूफच घ्यावा लागतो आणि किंमत डॉलरमध्ये पाच आकडी होते.

अडचण अशी की त्याच साली न्यू ऑर्लिन्स (ओ) आणि सॅन फ्रान्सिस्को (एस) इथेही डॉलर पाडले गेले. त्यांवरचं अक्षर काढून 'फिलाडेल्फिया' करण्याची लबाडी जुनीच आहे. अशा नाण्यात चांदी खरी, २६.७३ ग्रॅम वजन आणि ३८.१ मिमी व्यासही बरोबर, त्यामुळे काटा आणि लोहचुंबक काहीच सांगत नाहीत. एसची बरीच नाणी मुळातच आरशासारखी असतात, म्हणून नुसत्या चकाकीवरही भरवसा नाही.

दहापट भिंगातून पाहिलं. मिंटमार्क असतो ती जागा, म्हणजे मागच्या बाजूला पानांच्या माळेच्या गाठीखाली, 'डॉलर'मधल्या डी आणि ओच्या वर, नाणं तिरकं धरलं की किंचित मंद दिसते. तिथे बारीक रेघा आहेत. पण तशाच रेघा पुढच्या बाजूच्या लिबर्टीच्या (स्वातंत्र्यदेवीच्या) चेहऱ्यासमोरही आहेत, म्हणजे कधीतरी कुणी नाणं पुसलेलं असावं. उलट कडा काटकोनात धारदार आहे आणि गरुडाच्या छातीवरचं पीस न् पीस सुटं दिसतं. हे मला प्रूफच्या बाजूचं वाटतं.

खरवडलेली जागा आणि पुसल्याचे ओरखडे भिंगाखाली वेगळे कसे ओळखायचे? फोटोसाठी उजेड कुठून घ्यावा? पीसीजीएस किंवा एनजीसी या नाणी तपासून प्रमाणित करणाऱ्या कंपन्यांकडे पाठवायचं तर विम्यासाठी किंमत काय लिहायची, अस्सल प्रूफची की साध्या डॉलरची? पोस्टाने पाठवायला आजी घाबरतात. नाणं प्रत्यक्ष नेऊन देता येतं का?

कुणी हा प्रूफ हातात घेऊन पाहिला असेल तर कृपया लवकर लिहा. तोवर विकू नका आणि पुसू तर अजिबात नका, एवढं आजींना सांगून ठेवलंय.