लग्नपत्रिकेसाठी सुलेखनासारखा फॉन्ट सुचवा (बजेट १५०० रु.)

सई_पुणे: धाकट्या बहिणीचं लग्न कऱ्हाडला आहे. 'शुभविवाह' आणि दोघांची नावं बोरूने लिहिल्यासारखी हवीत, वळणदार पण आजीलाही वाचता येतील अशी. इनडिझाइन या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये मीच मांडतेय. फॉन्टसाठी १५०० च्या वर जाणार नाही.

रेघोट्या: फॉन्ट कशाला? सुलेखनकाराकडून लिहून घ्या. आम्ही ८००० मोजले, पण लोकांनी पत्रिका फ्रेम करून लावल्यात.

सई_पुणे: १५०० म्हटलंय हो.

निवांत: १५०० तरी कशाला? गूगल फॉन्ट्सवर 'अमिता' फुकट आहे, छपाईलाही चालतो. 'कलम' मात्र नको, वाण्याच्या यादीचं अक्षर वाटतं.

डोंबिवलीची_काकू: 'यात्रा वन' घे गं. मी हळदीकुंकवाच्या आमंत्रणाला वापरला, चौघींनी नाव विचारलं.

निवांत: काकू, तो मुंबईच्या रेल्वे स्टेशनांवरच्या रंगवलेल्या पाट्यांवरून केलाय. लग्न आहे, दादर नाही.

डोंबिवलीची_काकू: आमचं लग्न दादरलाच झालं.

शाईचा_डाग: कोणताही घ्या, आधी 'कऱ्हाड' टाइप करून बघा. आमच्या मुंजीच्या पत्रिकेत रफार ह च्या डोक्यावर बसला आणि ३०० पत्रिका 'कर्हाड'च्या पत्त्याने गेल्या. मामा अजून चिडवतो. इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर (देवनागरी नीट जुळवणारी सेटिंग) लावा, नाहीतर 'विवाह'ची वेलांटी व च्या पुढे जाऊन पडते. आणि प्रेसला फाइल देताना अक्षरं कर्व्ह करूनच द्या, म्हणजे अक्षरांची चित्रं होतात आणि त्यांच्याकडे फॉन्ट लागत नाही. त्यांच्या जुन्या कोरलड्रॉ सॉफ्टवेअरमध्ये युनिकोडचं भजं होतं.

टंकवेडा: अवांतर. ल आणि श बघितलेत का? शासनाने २००९ मध्ये पाकळीचा ल आणि देठाचा श ठरवून दिलाय, तरी निम्म्या पत्रिका हिंदी वळणाच्या. काही फॉन्टांत दोन्ही रूपं असतात, मजकुराची भाषा 'मराठी' निवडली की आपलं रूप येतं. 'शुभविवाह'ची सुरुवातच श ने आहे!

रेघोट्या: पाहुणे मठ्ठा प्यायला येतात, श बघायला नाही.

टंकवेडा: तुमच्या ८००० च्या पत्रिकेत कोणता श होता?

शाईचा_डाग: फॉइल (सोनेरी वर्खाची छपाई) करणार असाल तर बारीक रेघांचा फॉन्ट टाळा. आमच्या 'श्री'चं पोट सोन्याने भरून आलं होतं. आणि अक्षरं कर्व्ह करायला विसरू नका.

निवांत: कर्व्हबद्दल +१. आणि अमिताच.

सई_पुणे: सर्वांचे आभार. अमिताचे तीन नमुने काढून बाबांना दाखवले. ते "छान आहे" म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी परस्पर कऱ्हाडच्या प्रेसमध्ये जाऊन तिथल्या जुन्या पत्रिकेवर बोट ठेवून आले. गणपती, लाल ठसठशीत अक्षरं, २५० प्रती. 'कऱ्हाड' बरोबर आलंय, श हिंदी आहे. अमिता आता रुखवताच्या पाट्यांना वापरते.

डोंबिवलीची_काकू: रुखवताला तरी यात्रा वन घे.